धाकटीचे निरोप

सोमवार, ४ मार्च

विसरलीस ना? ठाऊकच होतं मला. जाताना दारात उभी राहून म्हणालीस, "आजी, पोचल्या पोचल्या फोन करते." त्याला महिना उलटला. म्हणजे अजून वाटेतच असशील. गाडी सावकाश जात असेल, जाऊ दे. छत्री इथेच राहिली, चष्म्याचं घर इथेच राहिलं, आजीही इथेच राहिली. तिघी मजेत आहोत.

एक गोष्ट मात्र विसरली नाहीस, त्यासाठी तुला सगळे गुन्हे माफ. हा फोन हातात देऊन, इथे दाबायचं आणि बोलायचं, तो लिहून घेतो, एवढं पक्कं शिकवून गेलीस. "तुझी खासगी डायरी आहे आजी, कुणी वाचणार नाही." खरंय. मीसुद्धा वाचणार नाही. अक्षराशी माझी जन्मात ओळख झाली नाही, तेव्हा माझं लिहिलेलं मलाच वाचता येत नाही, याहून खासगी ते काय असणार? पण फोनने एवढे कष्ट घ्यायचे तर कुणीतरी वाचावं. हे तुझ्याही फोनात दिसतं, असं तुझी आई म्हणाली. आठवण झाली तर वाच. स्वल्पविराम, पूर्णविराम तू घाल. मी दम खाते तिथे एकेक टाकत जा.

दुपारी धाकटीचा निरोप आला. धाकटी म्हणजे माझी बहीण, तुझी मावशीआजी. तुझ्याच शहरात राहते, तुझ्या ऑफिसपासून बसने जेमतेम चार थांबे. जायचं राहिलंच ना? वाटलंच. आम्हा दोघींनाही लिहिता येत नाही, म्हणून बोलून निरोप पाठवायचे, ही युक्ती तुझीच. ती सकाळी बोलते, मी दुपारी ऐकते, चहा झाला की उत्तर देते. आणि मग दिवे लावायच्या वेळी घर झाडते तसा फोनही झाडते. निरोपावर बोट दाबून धरायचं, वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र येतं, त्याला टिचकी मारायची. "फोन भरला की अडून बसतो आजी, वेळच्या वेळी पुसत जा," हेही तूच शिकवलंस. माझा फोन कसा लख्ख आहे, येऊन बघ. धाकटीचा म्हणजे भंगारवाल्याचं दुकान. तिने जन्मात काही टाकलेलं नाही. कान तुटलेले कप, जोडीदार हरवलेले मोजे, सगळं आहे तिच्याकडे.

गुरुवार, ७ मार्च

धाकटीला काय झालंय कळत नाही. पूर्वी "जेवलीस का, गुडघा कसा आहे" एवढ्यात आटपायचं. आता निरोप लांबतच चाललेत. घसा बसलाय, आवाज खरखरतो, तरी बाई थांबत नाही. काल आई आम्हाला हाका कशी मारायची त्याची नक्कल करून दाखवली. मला चांगली आणि तिला वाईट हाक असायची म्हणे. आज जिन्यावरून गडगडलेल्या हंड्याची गोष्ट सांगितली. मला ती तोंडपाठ आहे, कारण तो हंडा माझ्याच पायावर येऊन थांबला होता. शेवटी दर वेळी तेच, "ताई, ठेव हं हे."

ठेव म्हणे! फोन काय माळा आहे? ऐकलं, हसले, पुसलं.

संध्याकाळी भाच्याचा, धाकटीच्या मुलाचा, फोन होता. आईच्या घशात गाठ आहे, काढून टाकायची, छोटंसंच काम आहे म्हणाला. "आवाज बसेल जरा," म्हणाला. त्याचाही बसल्यासारखा वाटला. हवाच तशी आहे.

बुधवार, १३ मार्च

दुपारी एका गोडबोल्याचा फोन. "आजी, तुमच्या फोनवर आत्ता आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवा." म्हटलं, बाळा, वाचता येत असतं तर मी तुझ्याशी बोलत बसले असते का? तूच ये आणि वाच. येताना बटाटे आण. त्याने ठेवूनच दिला. तुझी आई म्हणाली, असे आकडे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचे नसतात, बँकेचा माणूस आहे म्हणाला तरी नाही. म्हटलं, माझ्याकडून सांगितले जायची भीतीच नाही. निरक्षर असण्याचे फायदे कमी आहेत, पण आहेत.

आज तुझी आई ऑफिसातून आली ती चप्पल न काढताच माझ्या शेजारी येऊन बसली.

"आई, मावशींचे निरोप ऐकवा ना."

"आजचा एकच आहे. बाकी झाडलोट झाली."

तिचा चेहरा असा पडला, जणू मी उतू गेलेलं दूध तिच्या साडीने पुसलं. "आजचा पुसू नका," म्हणाली. का, तर "असंच." ऐकताना सारखी नाक ओढत होती. तिला सर्दी झालेली दिसते. आलं ठेचून चहा करून दिला, तर असा प्याली की जणू मी अमृतच दिलंय. माणूस एवढ्याशा चहाने इतकं कृतज्ञ होतं, तर ऑफिसात तिला काय देतात कोण जाणे.

निरोप पुसला नाही. तिचं मन राहिलं.

शनिवार, १६ मार्च

आज कळलं.

तुझी आई कांदा चिरत होती. हातात कांदा मुद्दामच घेतला असेल तिने. "आई, मावशींची गाठ आवाजाच्या पेटीवर आहे. पेटीच काढणार आहेत."

"मग दुसरी बसवतील."

"दुसरी नसते."

"म्हणजे किती दिवस बोलायचं नाही?"

तिने सुरी खाली ठेवली. "जीव वाचेल, आई. डॉक्टर तसं स्पष्ट म्हणालेत. पण आवाज... आवाज राहणार नाही."

कुणाकुणाला ठाऊक होतं? सगळ्यांना. तुलाही? मला विचारायचं नाही. धाकटीनेच शपथ घातली होती म्हणे, की ताईला सांगू नका, तो गुडघा घेऊन इथवर यायला निघेल. निघालेच असते. जिना उतरेपर्यंत तिचं ऑपरेशन होऊन गेलं असतं, ती गोष्ट वेगळी.

मग ते "ठेव हं" माझ्या टाळक्यात शिरलं. ती रोज सकाळी ठेवायला देत होती आणि मी रोज संध्याकाळी डब्याला टिचकी मारत होते.

आज एवढंच. बोलवत नाही.

रविवार, १७ मार्च

रात्रभर तुला मनातल्या मनात बोल लावत होते. अर्धंच शिकवून गेलीस. पुसायचं कसं ते सांगितलंस, काय पुसायचं नाही ते सांगायचं विसरलीस. सकाळी राग उतरला. तू तरी काय सांगणार होतीस? काय कचरा आणि काय सोनं, हे तुझ्या वयात कळलं असतं तर तू माझी आजी झाली असतीस.

तुझ्या आईने चहाचा कप ठेवला आणि जे सांगितलं, त्यासाठी तिच्या लग्नापासूनचे सगळे हिशेब मी मिटवले. म्हणाली, "आई, तुम्ही पुसलंत ते फक्त तुमच्या फोनातलं. मावशींनी पाठवलेलं त्यांच्या फोनात तसंच असतं. त्यांनी स्वतः पुसलं तरच जातं."

"कुणी? धाकटीने? ती आणि पुसणार?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग अशा हसलो की तुझे बाबा पेपर घेऊन बाहेर आले. आयुष्यभर मी तिच्या पसाऱ्याला नावं ठेवली. देवा, तिच्या पसाऱ्याला दंडवत.

पण सुखाला लगेच काटा. तुझ्या आईने भाच्याला फोन केला तर कळलं, त्याने आईसाठी नवा फोन घेतलाय. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी जुना दुकानात देणार, दुकानदार तो कोरा करून घेणार. नवा कसा, तर त्यावर जे लिहू ते तो मोठ्याने बोलून दाखवतो. बिचाऱ्याने किती प्रेमाने शोधून काढला असेल! आता त्याला कुणी सांगायचं, तुझी आई लिहिते कुठे?

"वहिनी, मी बघतो, बघतो," म्हणाला. दवाखान्याच्या धावपळीत तो काय बघणार. तुझी आई म्हणाली, मावशींकडूनच करून घेऊ. जुना फोन परवा संध्याकाळपर्यंत त्यांच्या उशाशी आहे.

मंगळवार, १९ मार्च

दुपारभर तुझ्या आईने मला तालीम दिली. नावं वाचून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळं चित्रांवर. संध्याकाळी धाकटीला लावला. भाचा डॉक्टरांकडे गेला होता, ती दवाखान्यात एकटीच होती. फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावला, म्हणजे हात मोकळे.

"धाकटे, माझ्या नावाखाली निरोपांची रांग दिसतेय? एकावर बोट दाबून धर. सोडू नको."

"धरलं. रंग बदलला."

"आता बाकीच्यांना नुसतं टेकव. टेकव, टेकव. सगळ्यांना."

खरखरत्या आवाजात म्हणाली, "ताई, उद्यापासून माझं तोंड बंद. आज शेवटचं बोलतेय मी तुझ्याशी, आणि तू मला बोटं टेकवायला लावतेस?"

म्हटलं, "बरं. राहू दे ते. बोल तू."

तुझी आई भिंतीकडे बघत उभी.

"छे," म्हणाली धाकटी. "काहीच सुचत नाही. एवढे दिवस सगळं बोलून टाकलं ना. तूच बोल. ओरड माझ्यावर, शिकव. ते बरं वाटतं ऐकायला."

मग काय, ओरडले! "डोळे आहेत का बटणं? वर बघ, उजव्या अंगाला वळलेला बाण आहे."

"इथे दोन बाण आहेत."

"एक तुझ्याकडे वळलेला असेल, एक बाहेर जाणारा. बाहेरचा दाब. आता माणसांची यादी येईल, त्यात मला शोध. माझं चित्र फुलाचं आहे."

"सापडलीस. पाठवलं."

आम्ही वाट बघतोय. काही येईना. तुझ्या आईने फोन हलवून पाहिला. मग धाकटी म्हणाली, "ताई, तू मला हात जोडलेलं चित्र का पाठवलंस?"

मी कुठे पाठवलं! तिच्या दूधवाल्याचं चित्रही फुलाचंच निघालं. आईच्या हाका, हंडा, सगळं दूधवाल्याला गेलं आणि त्या भल्या माणसाने नमस्कार केला. आम्ही दोघी एवढ्या हसलो की नर्स आत आली आणि धाकटीला रागावली. हसताना धाकटीचा आवाज फुटत होता, मडक्यात खडे हलवावेत तसा. तो कानात भरून घेतला.

दुसऱ्यांदा मात्र नीट मला टेकवलं. आधी एक टुंग. मग टुंग टुंग टुंग, मांडीवर फोन नाचायला लागला. तुझी आई मोजायला गेली आणि मोजणं सोडून डोळे पुसत बसली. या वेळी सर्दी नव्हती, हे मलाही कळलं.

"आलं का?" धाकटी म्हणाली.

"आलं."

"ठेव हं."

"ठेवते," मी म्हटलं. या वेळी शहाण्यासारखं.

गुरुवार, २१ मार्च

काल ऑपरेशन झालं. जीव वाचला. भाचा फोनवर बोलता बोलता रडला, मी त्याला दटावलं, आणि फोन ठेवल्यावर माझी पाळी.

इकडे माझा फोन अडून बसला. जागा संपली म्हणे. मग मी झाडू घेतला. सुप्रभातवाली चित्रं, कमळं, उगवते सूर्य, सगळी गेली. तुझ्या नाचाचे तीन व्हिडिओ होते, तेही गेले. वाईट वाटून घेऊ नको. तू पुन्हा नाच, पुन्हा पाठव.

पण तुझ्या आईने नवं शहाणपण सांगितलं, ते तूही गाठ मारून ठेव. म्हणाली, जे जिवाचं आहे ते एकाच जागी ठेवायचं नाही. एक प्रत फोनात, एक कॉम्प्युटरात, आणि एक दुसऱ्याच घरी. फोन नळाखाली पडला, चोरीला गेला, तरी चिंता नाही. ऑफिसची कामं संपवून, पाठ दुखत असताना, तिने एकेक निरोप कॉम्प्युटरात उतरवला. प्रत्येकाला नाव दिलं, आणि मला नाव वाचता येत नाही म्हणून चित्रही दिलं. हाकांना तोंडाचं, हंड्याला हंड्याचं. तुझी आई मला मीठ कमी घालते, टीव्हीचा आवाज कमी करते, सगळं खरं. पण अशी सून मला कुणी दिली, त्याचे पाय कुठे आहेत ते सांगा, मी गुडघा मोडून पाया पडेन.

शनिवार, ३० मार्च

आता एक मनातलं सांगते, खासगी आहे म्हणून.

रोज एक निरोप ऐकते. छान वाटतं, आणि संपला की जास्तच शांत होतं. तिचा जुना आवाज माझ्याकडे आहे, पण मला तिचं आजचं हवंय. आज टाका दुखतोय का, शेजारच्या खाटेवरची बाई घोरते का, भाच्यावर चिडली का. हे कुठून आणू?

दवाखान्यात तिला पाटी दिली, लिहून दाखवा म्हणून. ती तशीच उशाशी आहे, म्हणतो भाचा. नवा फोन दिला. तो लिहिलेलं बोलतो, पण न लिहिलेलं कसं बोलणार? आणि त्यात सगळी चित्रं वेगळ्या जागी. आम्ही बिनअक्षरी माणसं जागेवरून ओळखतो. हिरवं चिन्ह खाली डावीकडे, म्हणजे बहीण. ते वर गेलं की बहीण हरवली. भाचा म्हणतो, "मावशी, ती फोन उलटा करून ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून पडते."

मी माझ्याकडून रोज बोलून पाठवते. तिकडून काही नाही. ऐकते का तेही कळत नाही. आम्ही दोघी एवढं बोललो आयुष्यभर, आणि आता एक भिंत. ती तिकडे, मी इकडे.

मंगळवार, २ एप्रिल

तू गेलीस! कुणी न सांगता, आठवण न करता, ऑफिस सुटल्यावर चार थांबे ओलांडून थेट दवाखान्यात गेलीस. भाच्याने सांगितलं तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाची नात आली असेल.

काय काय केलंस ते त्याने सगळं सांगितलं. नव्या फोनातली चित्रं उचलून जुन्या फोनासारखी मांडलीस. हिरवं चिन्ह खाली डावीकडे. माझं फूल काढून माझा तोंड उघडं असलेला फोटो लावलास, म्हणजे दूधवाल्याला आता शांतता. आणि तिला म्हणालीस, "मावशीआजी, बोलता येत नाही तर नका बोलू. माइक दाबा आणि काहीही वाजवा."

चहा पीत होते, तेव्हा टुंग. धाकटीचा निरोप! कानाला लावला. आवाज नाही. श्वास आहे, खाट करकरली, आणि मग टक, टक, टक. बांगडी खाटेच्या दांडीवर. रागारागाने.

तुझ्या आईला हाक मारली, म्हटलं, "ऐक, ही माझ्याशी भांडतेय!"

लगेच फोन लावला. म्हटलं, "धाकटे, एकदा वाजव म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. कळलं?"

टक.

"दुखतंय?"

टक. थोडं थांबून, टक टक. म्हणजे दुखतं, पण फार नाही.

"माझे निरोप ऐकत होतीस?"

टक.

"मग उत्तर का दिलं नाहीस, मेले?" याचं उत्तर एका-दोन टकांत कुठलं बसायला! मग मी म्हटलं, "मी आहे. रोज विचारीन. कंटाळलीस तरी विचारीन." टक.

उगाच लांबवत नाही, पण अर्धा तास बोललो. ती मधे एकदाही बोलणं तोडू शकली नाही, असं जन्मात पहिल्यांदाच झालं. मी तसं म्हटलं, तर दांडीवर बांगडी अशी कडाडली की नर्स पुन्हा आली.

पोरी, तुला मी विसरभोळी म्हणते. म्हणतच राहणार. पण आज जे केलंस ते मी विसरणार नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

धाकटी घरी आली. नाकातली अन्नाची नळी काढली, आता पातळ काहीतरी तोंडाने घेते. आमचं तंत्र पुढे गेलंय. चमचा वाटीवर म्हणजे जेवण. टाळी म्हणजे भाचा घरात आहे, त्याच्याबद्दल नंतर. गळ्याच्या छिद्रातून फुंकर म्हणजे हसले. पूर्वी ती हसायची तेव्हा मला फोन कानापासून लांब धरावा लागायचा. आता जवळ धरते. आणि दाखवता येईल त्याचा फोटो काढून पाठवते, बोट धरून की हे, हे.

आज दुपारी फोटो आला. वाटीभर सूप, जसंच्या तसं, वर साय धरलेली. सोबत निरोपात चमचा वाटीवर दोनदा. खाडकन. मी लावला.

"सूप नको?" टक टक. नको.

"खारट?" टक टक.

"गरम फार?" टक टक.

"मग काय, गाजराचंय म्हणून?"

टक. टक. टक. टक. मोजायचीही गरज नव्हती. नळी काढल्यापासून तिला रोज गाजराचं सूप देतायत, भाच्याला वाटतं तिला ते फार आवडतं. कारण पहिल्या दिवशी तिचा चमचा वाटीला चुकून एकदा लागला, तो त्याने होकार धरला. बिचारी तेव्हापासून पितेय. मी विचारल्याशिवाय सांगणार कशी?

मी विचारत गेले, ती वाजवत गेली. दुधी? नको. टोमॅटो? घशाला झोंबतं. लाल भोपळा? तर टक आणि वर एक फुंकर. चेहरा दिसला मला तिचा.

तेव्हा ऐक. उद्या शनिवार, तुला सुट्टी आहे, विसरले म्हणू नको. लाल भोपळा घे, साल काढून मऊ शिजव, मिक्सरमधून फिरव आणि गाळून घे, एकही तंतू राहता कामा नये. मिरी नको, लिंबू नको, चमचाभर साय घाल. कोमट असतानाच नेऊन दे, आणि तिने चमचा एकदा वाजवेपर्यंत उठू नको. माझ्यासाठी काही पाठवायचं असेल, तर भाच्याकडची उरलेली गाजरं पाठव, हलवा मी करीन.